एका किलोमीटरचा प्रश्न

लोणावळ्यापासून पूर्वेकडे इंद्रायणीच्या खोऱ्यावरून सरळ रेघ ओढली, तर कार्ला, मळवली, कामशेत आणि कान्हे मागे टाकून ती सुमारे साडेचोवीस किलोमीटरवर मावळ तालुक्याचे ठाणे असलेल्या वडगावला पोचते. सूर्याच्या १.४ पट वस्तुमानाच्या न्यूट्रॉन ताऱ्याचा व्यास साधारण एवढाच असतो. पृथ्वीच्या साडेचार लाखांहून अधिक पट भरणारे वस्तुमान या एवढ्याशा पट्ट्यात बसावे, इतके त्या ताऱ्यातील द्रव्य दाटलेले असते. मात्र अशा ताऱ्याची त्रिज्या ११ किलोमीटर की १३ किलोमीटर, हे अजून निर्विवादपणे ठरलेले नाही, म्हणजेच लोणावळ्यापासून मोजू लागल्यास ताऱ्याचा दुसरा काठ वडगावच्या अलीकडे पडेल की तळेगावच्या वाटेवर, हे सांगता येत नाही. त्रिज्येतील या एक-दोन किलोमीटरांच्या अनिश्चिततेचा मोठा वाटा अणूच्या केंद्रकाशी निगडित असलेल्या एका राशीकडे जातो. तिला सममिती ऊर्जा म्हणतात, आणि तिचे मोजमाप हा गेल्या पंचवीस वर्षांतील केंद्रकीय भौतिकीचा एक कळीचा प्रश्न ठरला आहे.

अणूच्या केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असे दोन प्रकारचे कण असतात आणि दोघांना मिळून न्यूक्लिऑन म्हणतात. दोघांचे वस्तुमान जवळजवळ सारखे असते, आणि त्यांना एकत्र बांधणारे प्रबळ बल दोघांनाही जवळपास सारखेच वागवते. विद्युतभार तेवढा प्रोटॉनवर असतो आणि न्यूट्रॉनवर नसतो. वुल्फगांग पाउली यांनी १९२५ मध्ये मांडलेल्या विवर्जन तत्त्वानुसार एकाच जातीचे दोन कण एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, त्यामुळे केंद्रकात फक्त न्यूट्रॉनच भरत गेले, तर प्रत्येक नव्या न्यूट्रॉनला अधिकाधिक वरच्या ऊर्जेची जागा घ्यावी लागते, आणि त्याच वेळी प्रोटॉनसाठीच्या खालच्या जागा मात्र रिकाम्या राहतात. शिवाय एक न्यूट्रॉन आणि एक प्रोटॉन यांच्यातील आकर्षण दोन न्यूट्रॉनांमधील आकर्षणापेक्षा जास्त असते. न्यूट्रॉन व प्रोटॉन यांची जोडी ड्यूटेरॉन म्हणून टिकते, पण नुसत्या दोन न्यूट्रॉनांची जोडी टिकत नाही. या दोन्ही कारणांमुळे दोन्ही जातींचे कण समसमान असणे ऊर्जेच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त पडते. हा समतोल मोडून सगळे द्रव्य न्यूट्रॉनांचेच करायचे झाले, तर दर कणामागे जी जादा ऊर्जा मोजावी लागते, ती सममिती ऊर्जा होय. केंद्रकात आढळणाऱ्या नेहमीच्या घनतेला तिचे मूल्य सुमारे ३२ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट या एककाला पुढे मेव्ह असे म्हटले आहे.

हे मूल्य कोठून येते, हे समजण्यासाठी जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल फ्रीडरिश फोन वायत्सेकर यांनी १९३५ मध्ये मांडलेले केंद्रकांच्या वस्तुमानाचे सूत्र पाहावे लागते. त्या सूत्रातील एक पद न्यूट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या संख्येतील फरकाचा वर्ग करून त्याला एकूण कणसंख्येने भागते आणि आलेल्या संख्येला सुमारे २३ मेव्हने गुणते. शिशाच्या २०८ कणांच्या केंद्रकात ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन असतात. फरक ४४, त्याचा वर्ग १९३६, भागाकार ९.३, आणि गुणाकार सुमारे २१४ मेव्ह. या केंद्रकाची एकूण बंधनऊर्जा सुमारे १६३६ मेव्ह आहे, म्हणजे न्यूट्रॉन जास्त असल्याबद्दल शिशाला आपल्या बंधनाच्या आठव्या हिश्शाहून अधिक किंमत मोजावी लागते. ती ते मोजते, याचे कारण प्रोटॉन वाढवले तर त्यांच्यातील विद्युत प्रतिकर्षण त्याहून महाग पडते. २३ आणि ३२ या आकड्यांतील तफावतीचे स्पष्टीकरण असे, की खऱ्या केंद्रकाला पृष्ठभाग असतो आणि पृष्ठभागाजवळ द्रव्य विरळ होत जाते; विरळ द्रव्यात सममिती ऊर्जा कमी असते, त्यामुळे केंद्रकाची सरासरी खाली येते. सममिती ऊर्जा घनतेनुसार बदलते ही बाब येथेच पहिल्यांदा हाती लागते, आणि पुढचे सगळे मोजमाप या बदलाभोवतीच फिरते.

सिद्धान्तात हा बदल तपासण्यासाठी अभ्यासकांनी केंद्रकीय द्रव्य नावाची एक आदर्श कल्पना स्वीकारली. या द्रव्याला कडा नाही, पृष्ठभाग नाही, आणि त्यात विद्युत प्रतिकर्षण हिशेबात धरलेले नाही. समसमान न्यूट्रॉन-प्रोटॉन असलेले असे द्रव्य दर घन फेमटोमीटरला ०.१६ कण या घनतेला सर्वांत स्थिर असते (एक फेमटोमीटर म्हणजे मिलिमीटरच्या एक लाख कोटीव्या भागाएवढी लांबी), आणि तेव्हा दर कणामागे सुमारे १६ मेव्ह बंधनऊर्जा मिळते. या घनतेला संपृक्त घनता म्हणतात. या घनतेच्या एका घन सेंटीमीटर द्रव्याचे वस्तुमान सुमारे २७ कोटी टन भरते. समसमान द्रव्याची ऊर्जा घनतेनुसार कशी बदलते याचा एक आलेख आणि शुद्ध न्यूट्रॉन द्रव्याचा दुसरा आलेख शेजारी काढला, की दोन्हींमधील उभे अंतर म्हणजे त्या त्या घनतेची सममिती ऊर्जा. संपृक्त घनतेपाशी हे अंतर किती, हा पहिला प्रश्न. घनता वाढत जाताना ते किती वेगाने वाढते, हा दुसरा. या वाढीच्या वेगाला सममिती ऊर्जेचा उतार म्हणतात, आणि पहिल्या प्रश्नाच्या मानाने दुसरा फार अवघड निघाला आहे.

हे दोन आलेख प्रत्यक्ष बलांपासून गणिताने काढणाऱ्यांमध्ये विजय रघुनाथ पंढरीपांडे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १९४० साली नागपुरात जन्मलेल्या पंढरीपांडे यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संशोधन केले आणि पुढे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना येथे, ते प्राध्यापक झाले. त्यांच्या कामाची पद्धत आजही शिकण्यासारखी आहे. केंद्रकांची वस्तुमाने जुळतील असे सूत्र आधी बसवावे आणि त्यावरून ताऱ्याविषयी अंदाज बांधावा, हा सोपा मार्ग त्यांनी स्वीकारला नाही. दोन न्यूक्लिऑन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याच्या प्रयोगांतून दोघांमधील बल निश्चित करायचे, तीन न्यूक्लिऑन एकत्र आले असता निर्माण होणारे जादा बल लहान केंद्रकांच्या बंधनऊर्जेवरून ठरवायचे, आणि मग त्याच बलांनी अथांग द्रव्य बांधले तर त्याची ऊर्जा किती होते हे मोजायचे, असा त्यांचा क्रम होता. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेले तीन कणांचे बल आजही अर्बाना या गावाच्या नावाने ओळखले जाते.

अथांग द्रव्यातील प्रत्येक कण शेजारच्या अनेक कणांशी एकाच वेळी गुंतलेला असतो, आणि प्रबळ बल अगदी जवळच्या अंतरावर तीव्र प्रतिकर्षण करते, त्यामुळे हे गणित साध्या सरासरीने सुटत नाही. पंढरीपांडे यांनी कणांच्या परस्परसंबंधांना आधीच जागा देणारी एक चाचणी-अवस्था मांडून तिची ऊर्जा कमीत कमी होईपर्यंत ती बदलत नेण्याची पद्धत विकसित केली. १९८१ मध्ये बी. फ्रीडमन यांच्यासह त्यांनी थंड आणि तप्त अशा दोन्ही स्थितींतील केंद्रकीय व न्यूट्रॉन द्रव्याचे आलेख प्रसिद्ध केले, आणि १९९८ मध्ये ए. अकमल व डी. जी. रेव्हनहॉल यांच्यासह काढलेले द्रव्याचे स्थिती-समीकरण तिघांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून एपीआर म्हणून जगभर वापरात आले. स्थिती-समीकरण म्हणजे घनता आणि दाब यांच्यातील नाते. एपीआरमध्ये संपृक्त घनतेची सममिती ऊर्जा ३२-३३ मेव्हच्या आसपास येते, उतार साठ मेव्हच्या जरा खाली राहतो, आणि न्यूट्रॉन ताऱ्याचे कमाल वस्तुमान सूर्याच्या सुमारे २.२ पट निघते. पंढरीपांडे २००६ च्या जानेवारीत निवर्तले. त्यानंतर चार वर्षांनी एका न्यूट्रॉन ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या जवळपास दुप्पट असल्याचे मोजले गेले आणि तोवर प्रचारात असलेली कितीतरी स्थिती-समीकरणे एका झटक्यात बाद झाली, पण एपीआर टिकले. आकाशाकडे न पाहता, न्यूक्लिऑनांच्या बलांवरून सुरू झालेले गणित आकाशातील परीक्षेत उतरले, ही गोष्ट मराठी वाचकांपर्यंत फारशी पोचलेली नाही आणि ती पोचायला हवी.

सममिती ऊर्जेचा उतार ताऱ्याची त्रिज्या कशी ठरवतो, याचे उत्तर दाबात आहे. समसमान द्रव्य संपृक्त घनतेला सर्वांत स्थिर असते, म्हणजे तेथे त्याचा स्वतःचा दाब शून्य असतो. त्यामुळे त्या घनतेच्या न्यूट्रॉन द्रव्यात जो काही दाब असतो, तो सारा सममिती ऊर्जेच्या उतारातून येतो. गुरुत्वाकर्षण ताऱ्याला आत दाबत असते आणि हा दाब त्याला बाहेर रेटत असतो. जेम्स लॅटिमर आणि मादप्पा प्रकाश यांनी २००१ मध्ये दाखवून दिले, की संपृक्त घनतेच्या आणि तिच्या दुपटीच्या दरम्यान जो दाब असतो, त्याच्या चतुर्थ मुळाच्या प्रमाणात ताऱ्याची त्रिज्या बदलते. दाब दुप्पट धरला, तर त्रिज्या सुमारे १९ टक्क्यांनी वाढते, म्हणजे १२ किलोमीटरमध्ये दोन-सव्वादोन किलोमीटरची भर पडते. उतार दुप्पट चुकला तर त्रिज्या एवढीच चुकते, आणि प्रयोगांनी दिलेले उताराचे आकडे खरोखरच दुपटी-तिपटीने वेगळे आले आहेत.

उतार मोजण्याची प्रयोगशाळेतील सर्वांत सरळ वाट शिशाच्या केंद्रकातून जाते. शिशातील ४४ जादा न्यूट्रॉन केंद्रकाच्या दाट गाभ्यात राहिले, तर सममिती ऊर्जेची पूर्ण किंमत द्यावी लागते. ते विरळ कडेला सरकले, तर किंमत कमी पडते, पण पृष्ठताण त्यांना मागे खेचतो. घनतेबरोबर सममिती ऊर्जा झपाट्याने वाढत असेल, तर न्यूट्रॉनांना कडेला जाणेच परवडते, आणि प्रोटॉनांच्या गोळ्याभोवती न्यूट्रॉनांचा एक पातळ थर बाहेर उरतो. या थराला न्यूट्रॉन-त्वचा म्हणतात. जो दाब या त्वचेला फेमटोमीटरच्या अंशाने बाहेर ढकलतो, तोच न्यूट्रॉन ताऱ्याला किलोमीटरने फुगवतो. दोघांच्या आकारांत जवळपास एकावर अठरा शून्यांचे अंतर असूनही त्यांचे भवितव्य एका उताराला बांधलेले असावे, हे या विषयाचे खरे वैभव आहे.

त्वचा मोजण्यात मुख्य अडचण अशी, की प्रोटॉन विद्युतभारामुळे इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यात सहज दिसतात, न्यूट्रॉन मात्र जवळपास अदृश्य राहतात. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात न्यूपोर्ट न्यूज येथील जेफरसन प्रयोगशाळेने त्यासाठी निसर्गातील दुर्बल बलाचा आधार घेतला. दुर्बल बलाच्या दृष्टीने न्यूट्रॉन ठळक असतो आणि प्रोटॉन अगदी फिका, शिवाय हे बल आरशातील प्रतिमेशी प्रामाणिक राहत नाही. गतीच्या दिशेने परिवलन असलेला इलेक्ट्रॉन आणि उलट परिवलनाचा इलेक्ट्रॉन यांना ते वेगवेगळे वागवते. विद्युत बल असा भेद करत नाही. म्हणून दोन्ही प्रकारचे इलेक्ट्रॉन आळीपाळीने शिशावर सोडले आणि विखुरलेल्यांच्या संख्येतील तफावत मोजली, तर ती तफावत न्यूट्रॉनांबद्दल बोलते. प्रेक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रयोगाच्या दुसऱ्या फेरीत ती तफावत दर शंभर कोटींमागे ५५० एवढी निघाली.

या प्रयोगातील लक्ष्य जवळून पाहण्याजोगे आहे. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि उष्णता फारशी वाहून नेत नाही, त्यामुळे इलेक्ट्रॉनांच्या तीव्र शलाकेखाली ते क्षणात वितळून गेले असते. म्हणून शिशाचा सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा हिऱ्याच्या दोन पातळ पापुद्र्यांमध्ये दाबून बसवला होता, कारण हिऱ्याइतका उष्णतेचा चांगला वाहक क्वचितच सापडतो, आणि या जोडणीला अतिथंड हेलियमच्या साहाय्याने सतत थंड ठेवले जात होते. माऱ्याने हिराही हळूहळू झिजतो, त्यामुळे अशी अनेक लक्ष्ये एका पट्टीवर ओळीने बसवलेली होती आणि एक निकामी झाले की पुढचे शलाकेत आणले जात होते. शलाकेतील इलेक्ट्रॉनांचे परिवलन सेकंदाला शेकडो वेळा उलटवले जाई, आणि ते उलटवताना शलाका नखभरही सरकू नये किंवा तिची तीव्रता बदलू नये, याची काळजी घ्यावी लागे. तसे झाले असते, तर खोटी तफावत खऱ्या तफावतीला गिळून बसली असती.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता, की शिशाची न्यूट्रॉन-त्वचा ०.२८३ फेमटोमीटर आहे, ०.०७१ इकडे किंवा तिकडे. बहुतेक सिद्धान्तांच्या अपेक्षेपेक्षा हा आकडा मोठा होता, आणि त्यावरून एका गटाने उतार १०६ मेव्ह (३७ इकडे-तिकडे) असा काढला. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने तीच मोजणी इतर मापांसह वापरून ५४ मेव्हचा (८ इकडे-तिकडे) आकडा दिला. पाठोपाठ २०२२ मध्ये याच प्रयोगशाळेने २० प्रोटॉन व २८ न्यूट्रॉन असलेल्या कॅल्शियम-४८ वरील मोजणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्याची त्वचा ०.१२१ फेमटोमीटर, म्हणजे बरीच पातळ निघाली. जे सिद्धान्त शिशाची जाड त्वचा देतात ते कॅल्शियमला पातळ त्वचा देत नाहीत, आणि जे कॅल्शियमला न्याय देतात ते शिशाला कमी पडतात. दोन्ही केंद्रकांच्या मोजण्यांची सरासरी काढून उतार मधे कोठेतरी आहे असे म्हणून मोकळे होण्याचा मोह येथे होतो. परंतु दोन काटेकोर प्रयोग एकमेकांशी जुळत नसतील, तर सरासरी हे उत्तर नसून विसंगती हीच खरी माहिती आहे, असेच मानणे योग्य. दोष शिशाच्या मोजणीतील मोठ्या अनिश्चिततेत आहे, की सिद्धान्तातील एखाद्या बलाच्या वर्णनात, हे त्यातूनच उलगडेल.

इतर वाटाही आहेत. जपानमधील ओसाका येथे २०११ मध्ये शिशाच्या केंद्रकातील प्रोटॉनांचा समूह न्यूट्रॉनांच्या समूहाविरुद्ध हेलकावे खातो तेव्हा तो विद्युतक्षेत्राला किती दाद देतो हे मोजण्यात आले, आणि त्यावरून त्वचा ०.१६ फेमटोमीटरच्या आसपास निघाली. जपानच्याच रिकेन संस्थेत अतिन्यूट्रॉनी कथिलाच्या केंद्रकांची टक्कर घडवून उतार ४२ ते ११७ मेव्हच्या दरम्यान असल्याचे आढळले. पल्ला मोठा आहे, पण ही वाट संपृक्त घनतेच्या वर नेते, हे तिचे महत्त्व. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने उभारलेला पेलेट्रॉन त्वरक १९८८ च्या अखेरीपासून कार्यरत आहे, आणि तेथे तप्त केंद्रकांमधील याच प्रोटॉन-न्यूट्रॉन हेलकाव्यांचा दीर्घकाळ अभ्यास झाला आहे. या हेलकाव्यांना मूळ स्थितीकडे खेचणारी शक्ती सममिती ऊर्जाच असते.

आकाशातील मोजमापाला १७ ऑगस्ट २०१७ रोजी नवे साधन मिळाले. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर एकमेकांभोवती फिरत आत ओढले गेलेले दोन न्यूट्रॉन तारे आदळले, आणि त्यांच्या गुरुत्वीय लहरी अमेरिकेतील लायगो व इटलीतील व्हर्गो या शोधकांच्या नोंदीत उमटल्या. अखेरच्या फेऱ्यांमध्ये एक तारा दुसऱ्याच्या ओढीने किती लांबट होतो, हे लहरींच्या लयीतून वाचता येते. तारा मोठा असेल तर तो सहज ताणला जातो, आटोपशीर असेल तर कमी. या नोंदीवरून त्रिज्या सुमारे ११.९ किलोमीटर (१.४ इकडे-तिकडे) निघाली, आणि शिशाच्या मोजणीतून येणारा मोठा उतार तिच्याशी जेमतेमच जुळतो. गोंगाटातून अशा लहरी वेचून काढण्यासाठी अपेक्षित लहरींच्या साच्यांशी नोंद ताडून पाहण्याची जी पद्धत वापरतात, तिच्या पायाभरणीत पुण्याच्या आयुका या संस्थेतील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचा १९९१ सालापासून मोलाचा वाटा आहे.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २०१७ पासून बसवलेली नायसर ही क्ष-किरण दुर्बीण फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यावरील तप्त डागांच्या प्रकाशावरून त्रिज्या काढते. २०१९ मध्ये तिच्या पहिल्या ताऱ्यासाठी दोन गटांनी १२.७ आणि १३ किलोमीटर असे आकडे दिले, तर २०२४ मध्ये जवळच्या दुसऱ्या ताऱ्यासाठी ११.४ किलोमीटर हा आकडा आला. या पद्धतीला ताऱ्याचे वस्तुमान स्वतंत्रपणे माहीत असेल तर फार मदत होते, आणि ते रेडिओ दुर्बिणी देतात. पुणे जिल्ह्यातच, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही दुर्बीण सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेली आहे. तिने २००४ मध्ये एनजीसी १८५१ या तारकागुच्छात एक जलद फिरणारा स्पंदक, म्हणजे ठराविक काळाने रेडिओ-ठोके देणारा न्यूट्रॉन तारा, शोधला. अतिशय लांबट कक्षेत फिरणाऱ्या या स्पंदकाच्या ठोक्यांच्या वेळा वर्षानुवर्षे टिपून २०१९ मध्ये त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे सव्वापट असल्याचे निश्चित करण्यात आले. वस्तुमान एकट्याने त्रिज्या सांगत नाही, पण त्याच्याशिवाय त्रिज्येच्या आकड्याला आधार उरत नाही.

उतार ठरला, तरी दुप्पट-तिप्पट घनतेला सममिती ऊर्जा काय करते, हा प्रश्न उरतोच. ताऱ्याच्या गाभ्यात प्रोटॉनांचे प्रमाण किती, हे तीच ठरवते; ते प्रमाण सुमारे ११ टक्क्यांवर गेले, तर गाभा न्यूट्रिनो उधळून झपाट्याने थंड होऊ लागतो, आणि खाली राहिले, तर ताऱ्याला थंड व्हायला फार अधिक काळ लागतो. म्हणूनच त्रिज्येबरोबर ताऱ्यांची तापमानेही या शोधात पुरावा म्हणून धरली जातात. जर्मनीतील माइन्झ येथे मेसा या नव्या त्वरकावर शिशाची त्वचा अधिक नेमकेपणाने मोजण्याची योजना आहे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ उभारायच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाची मंजुरी दिली आहे. हा शोधक अमेरिकेतील दोन शोधकांच्या जोडीने काम करू लागला, की टक्कर आकाशात नेमकी कोठे झाली हे अधिक अचूकपणे सांगता येईल, त्यामुळे इतर दुर्बिणींना तिकडे लवकर वळवता येईल, आणि ताऱ्यांचे ताणले जाणे ज्यांच्या नोंदीत स्पष्ट वाचता येते अशा टकरींची संख्या वाढेल.